'नाहीसे' झालेल्या लोकांनी फाडलेलं तिकीट

गेल्या लाँग वीकेंडला डॅलसहून आम्ही चौघं मेक्सिकोतल्या युकातानला जाऊन आलो. हापिसात सगळ्यांनी विचारलं, बीच कसा होता? बीच बराच होता. पण आज लिहायचंय ते बीचबद्दल नाही. बसमधल्या माईकवर ऐकलेल्या एका वाक्याबद्दल लिहायचंय. ते तेव्हापासून डोक्यात गेलंय, आणि ते इथे ओतल्याशिवाय सोमवारी हापिसात धड काम होणार नाही.

तर झालं असं. कानकूनहून चिचेन इत्झाला जाणारी टूरची बस. सकाळी सहाचा पिकअप, अर्धी बस झोपलेली. गाईड साधारण पस्तिशीचा, बुटका, गालांची हाडं वर आलेली, एकदम हसरा माणूस. पिरॅमिडला किती पायऱ्या वगैरे सांगून झाल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आणि मग एके दिवशी माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले. कुठे गेले, कुणालाच माहीत नाही." बसमधून "ओऽऽ" असा सामुदायिक उसासा आला. पाचच मिनिटांत त्याला घरून फोन आला. मी पहिल्याच सीटवर होतो. तो जे बोलत होता ते स्पॅनिश नक्कीच नव्हतं. शब्द मधेच तोडल्यासारखे, घशातून झटका देऊन बोललेले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, ही कुठली भाषा?

"माया," तो म्हणाला. "आई होती. तिला स्पॅनिश फार येत नाही."

मी म्हटलं, अहो, आत्ताच तर तुम्ही सांगितलंत की माया नाहीसे झाले म्हणून?

तो हसला. "लोकांना गूढ आवडतं, साहेब. टिप चांगली मिळते."

मंडळी, या माणसावर माझा अजिबात राग नाही. पोटासाठी रोज सकाळी माईकवर स्वतःच्या आईला नाहीसं करायला लागणं ही त्याची चूक नव्हे. राग आहे तो त्या "ओऽऽ" वर. म्हणजे आपल्यावर.

आधी 'नाहीसे' होण्याचा हिशोब बघू. साधारण इसवी सन ८०० ते ९५० च्या दरम्यान दक्षिणेकडची, म्हणजे आजच्या ग्वातेमालाच्या जंगलातली बरीच मोठी शहरं ओस पडली, हे खरं. लढाया, राजघराण्यांची भांडणं, जंगलतोड अशी बरीच कारणं त्यात आहेत, आणि मोठं कारण दुष्काळ. चुनखडीच्या गुहांत थेंब थेंब पाण्याने वाढणारे स्तंभ असतात. त्यांच्या थरांवरून त्या काळातला पाऊस मोजता येतो, आणि त्यात वर्षानुवर्षं चाललेले दुष्काळ स्पष्ट दिसतात. पाणी संपलं तशी माणसं शहर सोडून गेली. दुष्काळात गाव सोडणाऱ्या माणसाला आपण 'गूढरीत्या नाहीसा' म्हणतो का हो? बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसं मुंबई-पुण्याला आली ती काय अदृश्य झाली होती?

शिवाय हे झालं दक्षिणेत. उत्तरेतलं चिचेन इत्झा नेमकं त्याच सुमारास भरभराटीला आलं. ते उतरणीला लागल्यावर मायापान हे शहर पुढे आलं आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं. शेवटचं स्वतंत्र माया राज्य नोहपेतेन. ते स्पॅनिश फौजेने घेतलं मार्च १६९७ मध्ये. तेव्हा आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते! त्यानंतरही १८४७ साली युकातानच्या माया शेतकऱ्यांनी असं बंड केलं की पुढच्याच वर्षी राजधानी मेरिदा हातची जायची वेळ आली. ती लढाई १९०१ पर्यंत चालली. आपलं सत्तावन्न त्यांच्यापुढे आटोपशीर वाटावं. 'नाहीसे' झालेले लोक चोपन्न वर्षं लढत होते.

आणि आज? मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत एकट्या युकातानी माया भाषेचे बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास आहेत. ग्वातेमालात माया समाजाचे लोक साठ लाखांच्या घरात. एकूण माया भाषा तीसेक. नाहीसे होण्याची ही पद्धत मला तरी नवीन आहे.

यात नवं संशोधन काहीच नाही, हा सगळ्यात संतापजनक भाग. जॉन लॉइड स्टीफन्स नावाचा न्यूयॉर्कचा वकील आणि फ्रेडरिक कॅदरवूड हा चित्रकार १८३९ पासून या जंगलांत फिरले. तेव्हा युरोप-अमेरिकेतले शहाणे म्हणत होते की या इमारती इजिप्शियन लोकांच्या, फिनिशियन लोकांच्या, बुडालेल्या अटलांटिसच्या. स्टीफन्सने १८४१ च्या पुस्तकात सरळ लिहिलं की याच भूमीतल्या लोकांच्या पूर्वजांनी हे बांधलं. म्हणजे एकशे ऐंशी वर्षांहून जास्त काळ उत्तर छापील पुस्तकात आहे. तरी केबल चॅनलवर परग्रहवासी येतात, आणि २१ डिसेंबर २०१२ ला जग बुडणार म्हणून आपल्याच न्यूज चॅनलांनी घसा कोरडा केला होता. (त्या दिवशी माया कॅलेंडरचं एक मोठं आवर्तन संपत होतं, इतकंच. गाडीचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ वरून पुढे सरकला म्हणून गाडी फुटत नाही.)

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. अजिंठा १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 'शोधलं' असं आपण शाळेत घोकलं. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच की. त्यांनी ती शोधली नाहीत, कारण ती त्यांच्याकडून हरवलीच नव्हती.

बरं, गूढ आलं कुठून? काही प्रमाणात ते मुद्दाम तयार केलेलं आहे. जुलै १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मानी या गावात माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. त्यात सैतानाचं काम आहे म्हणून. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावरच्या, घडी घालायच्या पोथ्या. आज अख्ख्या जगात अशा चारच उरल्यात. आधी ग्रंथालय जाळायचं आणि मग म्हणायचं, अरेरे, यांच्याबद्दल काही कळतच नाही, किती गूढ! पुढे १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन भाषातज्ज्ञाने दाखवून दिलं की ती चित्रं म्हणजे उच्चार लिहिणारी खरी लिपी आहे, आणि गंमत म्हणजे त्याला किल्ली मिळाली ती त्याच लांदाच्या टिपणांत. हळूहळू शिलालेख वाचता आले आणि त्यात राजांची नावं, जन्मतारखा, लग्नं, लढाया निघाल्या. आणि वाचायला मदत कशाची झाली? आजही जिवंत असलेल्या माया भाषांची. बोलणारे खरंच नाहीसे झाले असते तर दगड अजून मुके असते.

आता आपल्या घरचा आहेर. आमच्या चौघांतल्या एकाने (नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे) पिरॅमिडसमोर सेल्फी काढता काढता जाहीर केलं, "अरे, माया म्हणजे आपला मयासुर! पांडवांची मयसभा बांधली ना त्याने, तोच इकडे आला. सगळं आपलंच आहे." हा शोध काही त्याचा नव्हे. चमनलाल यांचं 'हिंदू अमेरिका' १९४० सालचं, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला त्याचा पुनर्जन्म होतो.

मी म्हटलं, नावाचा उच्चार जुळला म्हणून नातं लागत असेल तर जपानमधलं नारा शहर आपल्या नारायणगावचं माहेर समजायचं का? 'माया' हे नावच मायापान शहराशी जोडलेलं, त्या मानाने उशिराचं आहे. त्यांची भाषा संस्कृतच्या कुळातली नाही. त्यांचं गणित वीसच्या पटीतलं. शून्यासाठी शिंपल्याची खूण, ती त्यांनी आपलीआपण शोधली. आपण शून्याचा इतका अभिमान बाळगतो, तर दुसऱ्या कुणी एवढ्या अंतरावर एकट्याने तीच गोष्ट शोधली याचं कौतुक वाटायला नको? की आपल्याला कौतुक फक्त स्वतःचंच जमतं? परग्रहवाल्यात आणि मयासुरवाल्यात मला तरी काही फरक दिसत नाही. दोघांनाही एकच सिद्ध करायचंय: समोर टोप्या विकत बसलेल्या बाईच्या पणजोबाला हे बांधणं शक्य नव्हतं. तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, ऊन फार होतं म्हणून. असो.

आता पाण्याकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. उत्तर युकातानमध्ये जमिनीवर नदीच नाही. सगळा प्रदेश म्हणजे चुनखडीचा एक प्रचंड सपाट ठोकळा. पाऊस पडला की पाणी थेट खडकात मुरतं, खडक विरघळवत आत गुहा करतं, आणि गुहेचं छत कोसळलं की जमिनीला गोल भगदाड पडून खाली पाणी दिसतं. त्याला माया भाषेत म्हणतात 'त्सोनोत', आणि स्पॅनिश जिभेवर त्याचं झालं 'सेनोते'. अशी भगदाडं हजारोंनी आहेत. त्यातली बरीचशी एका अर्धवर्तुळावर ओळीने येतात, कारण खाली चिक्शुलुबचं विवर पुरलेलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो अशनी पडला आणि डायनोसॉरांचा खेळ आटोपला, त्याचं. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, हे जवळजवळ एकशे ऐंशी किलोमीटरचं.

तिसऱ्या दिवशी आम्ही टूर सोडून मेरिदाहून ओमून नावाच्या गावी गेलो. तिथे पोरं मोटारसायकलला मागे बाकडं जोडलेल्या तीनचाकीत बसवून एका सेनोतेतून दुसऱ्यात नेतात. एका ठिकाणी शेतात फक्त एक भोक आणि त्यातून खाली जाणारी लाकडी शिडी. खाली उतरलो तर देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा. वरून झाडाची मुळं दोरखंडासारखी लोंबत पाण्यापर्यंत आलेली. पाणी इतकं नितळ की पाय कुठे संपतात आणि तळ कुठे सुरू होतो कळेना. मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, आजोळी कमरेला डबा बांधून ढकललं होतं मला. पण असं पाणी मी पाहिलं नव्हतं. उतरायच्या आधी तीनचाकीवाल्या पोराने आम्हाला शॉवरखाली उभं केलं. अंगाला लावलेलं सनस्क्रीन धुवायला. आमचा एकजण कुरकुरला, एवढ्याशा क्रीमने काय होतंय? पोरगा म्हणाला, "हे पाणी आम्ही पितो."

आयटीवाल्यांसाठी सोप्या भाषेत सांगतो. हे पाणी म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल आहे. एका सेनोतेत जे जातं ते खडकातल्या फटींतून पुढच्या गावच्या विहिरीत निघतं. मध्ये गाळायला मातीचा जाड थर नाही. आणि गोड पाण्याचा हा थर खाली खाऱ्या पाण्यावर नुसता तरंगतोय.

याच ओमूनच्या हद्दीत सुमारे ४९ हजार डुकरांचा कारखाना उभा राहिला. एवढ्या जनावरांचं मलमूत्र कुठे जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. २०१७ मध्ये गावाने स्वतःचं मतदान घेऊन प्रचंड बहुमताने नको म्हटलं. ते मानलं गेलं नाही. मग २०१८ मध्ये गावातल्या सहा माया मुलांच्या नावाने कोर्टात दावा लागला, की स्वच्छ पाण्यावर आणि निरोगी वातावरणावर आमचा हक्क आहे. न्यायाधीशाने कारखान्याला स्थगिती दिली आणि २०२१ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

आता त्या बसमधल्या वाक्याकडे परत या. माया 'नाहीसे' झाले असतील तर ही सहा मुलं कोण? जे लोक अस्तित्वातच नाहीत त्यांना विचारायचं तरी कशाला? 'नाहीसे झाले' हे वाक्य म्हणजे नुसती इतिहासातली चूक नाही. तो मालकीचा कागद आहे. मालक बेपत्ता म्हटलं की वस्तू उचलायला सगळे मोकळे. एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वकिलाताच्या अधिकाऱ्याने चिचेन इत्झाची अख्खी जागाच विकत घेतली, १९०४ पासून तिथल्या पवित्र सेनोतेतला गाळ उपसला, आणि सोनं, जेड, हाडं हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात पाठवली. मोठा पिरॅमिड ज्या जमिनीवर आहे ती तर २०१० पर्यंत एका खासगी कुटुंबाची होती! आणि आता रेल्वे आली आहे, सुमारे दीड हजार किलोमीटरची. तिचं नाव, अर्थातच, 'माया ट्रेन'. प्लाया देल कार्मेन ते तुलुम हा भाग आधी हमरस्त्यावरून जायचा होता, तो २०२२ मध्ये जंगलात सरकवला. आता त्या पट्ट्यात गुहांच्या छतांतून लोखंडी खांब खाली पाण्यात ठोकलेत, आत काँक्रीट भरून. गाडीला नाव द्यायला माया चालतात. खांब कुठे ठोकायचा हे ठरवायला मात्र ते 'नाहीसे' झालेले असतात.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू. रेल्वेने रोजगार येतो म्हणणारे माया लोकही आहेत, आणि त्यांना मूर्ख ठरवायचा मला अधिकार नाही. आणि मी काही या लोकांना देव्हाऱ्यात बसवत नाहीये. चिचेन इत्झात नरबळी दिले जात, यात शंका नाही. गाईड मंडळी सेनोतेत ढकललेल्या सुंदर कुमारिकांची गोष्ट रंगवून सांगतात. पण त्या सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाक्यात सापडलेल्या ६४ मुलांच्या हाडांचा डीएनए तपासला गेला, त्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळेच्या सगळे मुलगे, त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. वाचून पोटात कालवतं. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुठलाही गाईड सांगत नाही. तिश्काकाल्तुयुब या गावातल्या आजच्या लोकांचं रक्त तपासलं तर त्याचं या मुलांशी नातं लागतं. ज्यांची क्रूरता आपण चवीने ऐकतो त्यांची नातवंडं त्याच मातीत मका पेरतायत, आणि पाऊस लांबला की आजही चाक या पर्जन्यदेवतेला साकडं घालतायत.

"मग काय, जायचंच नाही का?" असं आमच्या मयासुरवाल्याने परतीच्या विमानात विचारलं. पर्यटन म्हणजेच पाप असं म्हणणारी एक जमात आहे, तिच्याशीही माझं भांडण आहे. ओमूनच्या लोकांना डुकरांच्या कारखान्याला नाही म्हणता आलं, त्याचं एक कारण त्यांच्याकडे त्या पाण्यातून पोट भरायचा दुसरा रस्ता होता. तो रस्ता म्हणजे तुमच्याआमच्यासारखे पोहायला येणारे लोक. पोहणं हा गुन्हा नाहीच. यजमान मेलेत असं समजून त्यांच्या घरात पोहणं हा आहे.

तेव्हा जा, जरूर जा. सनस्क्रीन धुवा. गावाने चालवलेल्या सेनोतेला जा आणि तिकिटाचे पैसे तिथेच द्या. पिरॅमिड बघा, टाळी वाजवा, पक्ष्यासारखा येणारा प्रतिध्वनी ऐका. आणि माईकवर कुणी म्हणालं की माया नाहीसे झाले, तर "ओऽऽ" करू नका. विचारा, तुमच्या घरी कुठली भाषा बोलतात?

आमच्या गाईडला मी उतरताना टिप दिली, जरा जास्तच दिली. आणि म्हटलं, उद्याच्या बसला आईचा फोन आला तर माईक चालू ठेवा.

तो हसला. ठेवला असेल की नाही, देव जाणे.